वाचकांचे प्रश्न : ब्रिटिश क्रूची पहिली तबकडी

मुलगी लीड्सला शिकते. तिच्या हिप-हॉप क्रूने (चमूने), म्हणजे चार रॅपर आणि एक बीट (मागचं संगीत) करणारा, पदरच्या पैशांनी 12 इंची रेकॉर्ड काढायचं ठरवलंय. बारा गाणी आहेत, एका बाजूला 24 मिनिटं. प्रेसिंगवाले (तबकड्या छापणारे) म्हणतात, आवाज पडेल. खरंच पडतो का?
– एक वाचक, नाशिक

पडतो. तबकडीवरची जागा ठरलेली असते. बास जितका दणकट, तितकी खाच जास्त नागमोडी आणि रुंद होते. मिनिटं वाढली की खाचा जवळजवळ बसवाव्या लागतात, म्हणून खाच कापणारा तंत्रज्ञ आवाजाची पातळी उतरवतो. मग ऐकणारा व्हॉल्यूम वाढवतो आणि गाण्याबरोबर खरखरही वर येते. 33 आरपीएमला (मिनिटाला 33 फेरे) एका बाजूला 18 ते 20 मिनिटं ठेवा, 45 ला साधारण 12. बासवर उभं असलेलं संगीत आहे, त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: सहा गाणी निवडा, तीन-तीन करून 45 वर कापा आणि उरलेली डिजिटलवर सोडा. बारा गाण्यांचा हट्टच असेल तर दोन तबकड्यांचा खर्च धरा.

गाण्यांचा क्रमही विचाराने लावा. 33 वर सुईखालून खाच बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे 51 सेंटीमीटर सरकते, मधल्या कागदी लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी लांबी मिळते आणि ‘स’, ‘श’ फाटतात. रॅपमध्ये दोघे-तिघे एकच ओळ एकावर एक चढवतात, तेव्हा हे सकार तिप्पट होतात. म्हणून मिक्समध्येच प्रत्येक आवाजावर डी-एसर (‘स’, ‘श’ची धार कमी करणारं साधन) लावा आणि बाजूचं शेवटचं गाणं शांत निवडा. सुमारे 150 हर्ट्झखालचा बास मोनो करा, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकसारखा ठेवा. डाव्या-उजव्या बाजूला उलट फेजमध्ये (एकीकडे लाट वर, दुसरीकडे खाली) गेलेला बास खाच उथळ करतो आणि सुई उडते. मास्टर (अंतिम ध्वनिमुद्रण) 24 बिट वेव्ह फाइलमध्ये द्या. स्ट्रीमिंगसाठी लिमिटरने (आवाजाचे चढ कापणाऱ्या साधनाने) चेपलेली फाइल तशीच पाठवू नका.

छपाईआधी टेस्ट प्रेसिंगच्या (चाचणीसाठी छापलेल्या) काही प्रती येतात. त्या पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत, निदान दोन वेगवेगळ्या टर्नटेबलवर ऐका. 33 वर एक फेरा 1.8 सेकंदांचा असतो. ‘टक्’ बरोबर त्याच अंतराने, प्रत्येक प्रतीत, त्याच जागी येत असेल तर दोष साच्यात आहे. एकाच प्रतीत असेल तर बहुधा कचरा. पियानोचा लांब सूर फेऱ्यागणिक वर-खाली झुलत असेल तर भोक मध्यावर नाही. एकदा मंजुरी कळवली की पुढची तक्रार कुणी ऐकत नाही.

ब्रिटिश हिप-हॉप क्रूंच्या पहिल्या अल्बमांपैकी आधी काय ऐकावं?
– एक वाचक, ठाणे

फॉरेन बेगर्सचा ‘असायलम स्पीकर्स’ (2003), त्यांच्याच डेंटेड रेकॉर्ड्स या लेबलवरचा (रेकॉर्ड कंपनीचा). मग द फोर आउल्सचा ‘नेचर्स ग्रेटेस्ट मिस्टरी’ (2011). तो हाय फोकसने काढला, आणि चौघांतल्या फ्लिपट्रिक्सनेच ते लेबल सुरू केलेलं. क्रू नव्हे, पण लंडनच्या ब्लेडचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही: 1993 मध्ये त्याने चाहत्यांकडून आगाऊ पैसे घेऊन डबल अल्बम काढला. क्राउडफंडिंग हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

चार रॅपर, एक बीट करणारा. पैशांची वाटणी कशी करायची?
– एक वाचक, लंडन

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. गाणं, म्हणजे शब्द आणि संगीत, वाजल्याचे पैसे पीआरएस ही ब्रिटिश संस्था गोळा करते. ध्वनिमुद्रण रेडिओवर किंवा दुकानात वाजलं की त्याचे पैसे पीपीएल ही दुसरी संस्था देते: निम्मे ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, निम्मे कलाकारांना. स्क्रॅच करणारा डीजेही कलाकारच, त्याला विसरू नका. गाण्यात बीटला 50 टक्के आणि चौघांना साडेबारा-साडेबारा ही नेहमीची सुरुवात. आठच ओळी म्हणणाऱ्याला तेवढेच द्यायचे का, हे स्टुडिओतून बाहेर पडण्याआधी ठरवा, कागदावर लिहा आणि पाचही सह्या घ्या. दोघांनी वेगवेगळे टक्के नोंदवले तर वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात.

आयएसआरसी हा प्रत्येक ध्वनिमुद्रणाची ओळख असलेला 12 अक्षर-अंकांचा कोड ब्रिटनमध्ये पीपीएलकडून मिळतो. शिव्या काढलेली आवृत्ती आणि नुसता बीट ही वेगळी ध्वनिमुद्रणं, त्यांना वेगळे कोड लागतात. इथे आळस केला की रेडिओवर एक आवृत्ती वाजते आणि नोंद दुसरीची होते.

पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या मराठी रेकॉर्डवरचे तीनच सेकंद बीटमध्ये घेतलेत. इतकं चालतं ना?
– एक वाचक, लेस्टर

‘तीन सेकंद चालतात’ असा नियम कुठेच नाही. परवानग्या दोन लागतात: ध्वनिमुद्रणाची रेकॉर्ड कंपनीकडून आणि चाल-शब्दांची त्यांच्या हक्कदारांकडून. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क 60 वर्षांनी संपतो. पण चाल आणि शब्द यांचा हक्क संगीतकार-गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, त्यामुळे रेकॉर्ड जुनी आहे एवढ्याने भागत नाही. कंपनी दाद देत नसेल तर तो तुकडा हार्मोनियम-ढोलकी घेऊन स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित करा. मग गाण्याचीच परवानगी उरते.

हे प्रेसिंगच्या आधी उरकायला हवं, कारण प्रेसिंगचा कारखाना एमसीपीएसचा (गाणं तबकडीवर उतरवायची परवानगी देणाऱ्या ब्रिटिश संस्थेचा) कागद मागतो. तिथला दर दुकानदाराला दिलेल्या किमतीच्या साडेआठ टक्के. प्रत्येकी 12 पाउंडांना 300 प्रती दिल्या तर 3,600 वर 306 पाउंड होतात. रक्कम छोटी दिसते, पण क्रूच्या हिशेबाच्या वहीत ती सहसा नसते आणि नेमकी त्या आठवड्यातच खिसे रिकामे असतात.