डिजिटल बॉक्स आहे, तरी चित्र धूसर का?

वडिलांसाठी ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला, केबल डिजिटल आहे, तरी चित्र धूसर आणि माणसं जाडी दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. टीव्ही परत करायची घाई करू नका. दोष बहुधा त्याचा नाही.

डिजिटल म्हणजे एचडी (जास्त बारकाव्यांचं चित्र) नव्हे. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ला आणि पुणे-नाशिक-नागपुरात ३१ मार्च २०१३ ला बॉक्स सक्तीचे झाले, तेव्हा बदलली ती वाहिन्या पाठवायची पद्धत. एका अ‍ॅनालॉग (जुन्या पद्धतीच्या) वाहिनीच्या जागेत दहाच्या आसपास एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, वाहिन्या मावू लागल्या. पडद्यावरच्या मुंग्या गेल्या (आता सिग्नल कमी पडला की चित्राचे ठोकळे होतात, नाहीतर ते थिजतं), पण बारकावे वाढले नाहीत.

एसडी चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे जेमतेम ४.१५ लाख. फुल एचडीत पावणेएकवीस लाख. तुमच्या पडद्यावर तब्बल ८३ लाख ठिपके आहेत. एसडी वाहिनी लावली की एका ठिपक्यामागे सुमारे वीस जागा टीव्हीला अंदाजानं भराव्या लागतात. जुन्या २१ इंचीवर हे झाकलं जायचं.

आधी बॉक्सच्या मागे बघा. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांची वायर असेल, तर बॉक्स एचडी असूनही उपयोग नाही, कारण त्या वायरीतून एसडीच येतं. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. एचडीचे पैसे भरत होतो आणि आई वर्षभर पिवळ्या पिनेतून मालिका बघत होती. बसवणाऱ्यानं सांगितलं नाही, मीही बघितलं नाही, याची अजून चुटपुट लागते. एचडीएमआय केबल लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८०आय (एचडी चित्राचा पर्याय) निवडा. बॉक्सला एचडीएमआयची खाच नसेल, तर तो एसडी आहे, बदलून मागा.

माणसं जाडी दिसतात ती ४:३ चं (रुंदी-उंचीचं जुनं प्रमाण) चित्र रुंद पडद्याच्या १६:९ मध्ये ताणल्यामुळे. बॉक्समध्ये १६:९ ठेवा. जुन्या कार्यक्रमांना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या.

वाहिनीही एचडीच हवी, आणि तिचे पैसे वेगळे पडतात. सगळं पॅकेज घेऊ नका. वडील रोज बघतात त्या दोन-तीन वाहिन्या आणि क्रिकेटची एक तेवढ्या एचडीत घ्या. बातम्या एसडीत चालतील.