किंगडम रशमध्ये आधी वाट अडव

भावा, किंगडम रश हा वाटेकडेला बुरूज बांधून शत्रू अडवायचा मोबाइल गेम घेतलास ते बरं केलंस. खानापूर-बेळगाव बसमध्ये एखादी लेव्हल सहज होते, आणि जांबोटीकडं रेंज गेली तरी गेम चालतो.

पहिलं सोनं चारी बाजूंना उधळू नकोस. वळणावर बराक, म्हणजे शिपायांचा बुरूज टाक, मागं तिरंदाजांचा. शिपाई शत्रूला थोपवून धरतात, तोवर बाण बसत राहतात. सगळी कमाल त्या थोपवण्यात आहे! शिपाई कुठं उभे राहायचे ते दाखवणारा बराकीचा झेंडा हलवून त्यांना तिरंदाजांच्या टप्प्यात उभे कर. नवीन पोरं हेच विसरतात. चिलखतवाल्या शत्रूंना जादूगारांचा बुरूज लाव. तोफ उडणाऱ्यांना लागत नाही, म्हणून तिरंदाज विकू नकोस. शत्रूंची पुढची लाट लवकर बोलावली की जादा सोनं मिळतं, पण मोर्चा पक्का असेल तरच बोलाव. लेव्हल जिंकून मिळणाऱ्या ताऱ्यांचे अपग्रेड, म्हणजे सुधारणा, नंतर बदलता येतात, बिनधास्त लाव की.