शिक्षक मुलाच्या वागण्याचं खापर घरावरच का फोडतात?

मुलगा चौथीत, वर्गात मारामारी करतो आणि बाई म्हणतात, "वडील मुंबईला, आजीने लाडावून ठेवलाय." हे कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय.

थोडंफार असेलही. पण चाकरमान्यांच्या गावात वडील मुंबईला असलेली मुलं वर्गात आणखीही असतात. ती सगळी हाणामारी करत नाहीत. शिक्षक कारण सांगताना घर आणि मुलाचा स्वभाव आधी घेतात, स्वतःचं शिकवणं आणि वर्गातली बसण्याची रचना शेवटी. इंग्लंडमधल्या अभ्यासांतही हेच दिसलं. तिथल्या मुलांचं आणि पालकांचं बोट मात्र शिक्षकांच्या अन्यायाच्या वागण्याकडेही होतं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड वायनर यांच्या मांडणीनुसार "मुद्दाम करतो" असं वाटलं की राग येतो, "त्याच्या हातात नाही" वाटलं की मदत करावीशी वाटते. म्हणजे कारण चुकलं की उपायही चुकतो. आणि "घर" हे कारण मानलं की वर्गात करण्यासारखं काही उरतच नाही. सोयीचं आहे ते.

बाईंना शाळेचे दहा दिवस एक वही ठेवायला सांगा: वेळ, विषय, लगेच आधी काय झालं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. "उद्धटपणा केला" असं लिहून उपयोग नाही, "शेजाऱ्याची वही फेकली" असं हवं. नाहीतर वहीत बाईंचं मतच जमा होतं. शांत गेलेले तासही नोंदवायचे, हे हमखास राहतं.

मग वही वाचा. भांडण दरवेळी फळ्यावरचं उतरवून घेताना होत असेल, तर आधी नजर तपासा, मग वाचन-लेखनाची अडचण. नंतरच्या रकान्यात सारखं "बाहेर उभं केलं" येत असेल, तर लिखाणातून सुटका होतेय, म्हणून तो पुन्हा तेच करणार. सकाळच्या पहिल्या तासालाच होत असेल तर झोप आणि न्याहारी विचारा. बंदरावरची काही मुलं पहाटे होडीच्या कामाला हात लावून येतात. पावसाळ्यात कान वाहत असेल तर मागच्या बाकावर ऐकूच येत नाही. आंब्याच्या बागेतल्या नेपाळी राखणदारांच्या मुलांना कधीकधी सूचनाच कळलेली नसते, आणि नोंद "ऐकत नाही" अशी होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्याची वाट बघू नका, ग्रामीण रुग्णालयात डोळे-कान दाखवून घ्या. बाईंकडे जाताना तक्रारीचा सूर नको. एवढंच विचारा, "बाई, तो मारतो त्याच्या आधी वर्गात काय चाललेलं असतं?"