कोकणातल्या वाढत्या शहरात नगरसेवकपदाच्या उमेदवाराने पहिलं प्राधान्य कशाला द्यावं?

तुम्ही लिहिलंय की किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेत तुम्ही पहिल्यांदाच उभे राहताय, तेही अपक्ष. शहर वाढतंय, जो भेटतो तो वेगळी मागणी सांगतो आणि जाहीरनाम्यात पहिलं काय लिहावं तेच ठरत नाहीये. मी अशाच एका खाडीकाठच्या शहरात पाच वर्षं नगरसेविका होते. माझ्या मते पहिलं पाणी. नळाला येणारं आणि पावसात वाहून जाणारं, दोन्ही एकत्र धरा. मी माझ्या पत्रकात ‘पाणीपुरवठा’ आणि ‘गटारं’ असे दोन मुद्दे वेगवेगळे छापले होते. ती चूक कळायला मला दोन पावसाळे लागले.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर फिरतात. जरा हिशेब करा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एका पावसाळ्यात पावणेतीन लाख लिटरच्या वर पाणी पडतं. तिथे पूर्वी नारळी-पोफळीची आगरं होती तेव्हा त्यातलं बरंचसं पाणी झाडांच्या आळ्यांत आणि जांभ्या दगडात मुरायचं, विहिरींना मिळायचं. आता ते पाइपातून गटारात, गटारातून पऱ्यात, म्हणजे छोट्या ओढ्यात, आणि पऱ्यातून खाडीत जातं. खाडीला उधाण असलं की तेच पाणी मागे फिरून घरात शिरतं. म्हणजे जुलैत घरात घुसणारं आणि मे महिन्यात विहिरीत नसणारं पाणी एकच आहे. चिपळूणने हे 26 जुलै 2005 ला पाहिलं आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा पाहिलं. त्यानंतर तिथल्या लोकांनी शहरातून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं, तेव्हा कुठे गाळ निघायला लागला. शहरातली माणसं पाण्यासाठी एकत्र बसतात, हे त्यातून मी शिकले.

आमच्या बाजारामागे एक पऱ्या आहे. माझ्या लहानपणी त्यावर जांभ्याच्या चिऱ्यांची मोरी होती, वाकून का होईना, पण माणूस आतून आरपार जायचा. मी निवडून आले तोवर तिथे दोन सिमेंटचे पाइप होते, वर स्लॅब आणि स्लॅबवर दुचाक्यांचं पार्किंग. एका जुलैत रात्री अकराला फोन आला. गेले तर एका आजींच्या माजघरात गुडघाभर पाणी, आणि त्या तांदळाचा डबा डोक्यावर घेऊन चुलीच्या ओट्यावर उभ्या. त्या मला म्हणाल्या, “अगो, पूर्वी रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून ओटीवर यायचो, आता एक पायरी उतरून येतो.” दर काही वर्षांनी जुना थर न उकरता त्यावर नवा थर टाकून आम्हीच तो रस्ता उंच केला होता. त्यातल्या शेवटच्या ठरावाला हात वर करणाऱ्यांत मी होते. ते मला अजून लागतं. म्हणून कुणी ‘रस्ता करून द्या’ म्हणालं तर हो म्हणा, पण आधी जुना थर खरवडायचा आणि पाइपलाइन व गटार झाल्याशिवाय डांबर टाकायचं नाही, ही अट तिथल्या तिथे सांगा. मतं थोडी कमी होतील. माझीही झाली असती, तरी आज मी तेच सांगितलं असतं.

आता तुमच्या हातात काय असतं ते नीट समजून घ्या, कारण लोक तुमच्याकडे सगळंच मागणार. बांधकाम परवानगी नगरसेवक देत नाही, ती मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने मिळते. पण शहराचा विकास आराखडा सर्वसाधारण सभेपुढे येतो. पऱ्ये, व्हाळ (ओढे), तळी, खाजण (भरतीचं पाणी येणारी खाडीकाठची जमीन) यांची जागा त्यात राखली गेली की नाही हे पाहणं तुमचं काम. हरकती-सूचनांची मुदत सुरू झाली की नकाशा घेऊन वाडीत बसा. लोकांना ‘सर्व्हे नंबर’ कळतो, नकाशाचे रंग कळत नाहीत, ते तुम्ही समजावून द्या. आणि मोठ्या इमारतीच्या परवानगीत पावसाचं पाणी खड्डा खणून जमिनीत जिरवण्याची अट असते. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जायचा परवाना, देण्याआधी तो खड्डा खरंच खणला का, एवढं सभेत विचारत राहिलात तरी निम्मं काम होईल.

नळाच्या पाण्याचं म्हणाल तर एक दिवस पहाटे व्हॉल्व्हमनबरोबर फिरा. मी फिरले होते. हातात लांब चावी, सायकलला टांगलेली बॅटरी, आणि कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा ते सगळं त्या माणसाच्या डोक्यात, कागदावर काहीही नाही. उताराच्या आळीला पाणी धो-धो, टेकडीवरच्या वाडीत कळशी भरायला वीस मिनिटं. एका ठिकाणी घरगुती जोडणीचा पाइप चक्क गटारातून गेलेला. पाणी बंद झालं की तो पाइप गटारातलंच आत ओढणार. असे पाइप हलवणं हे स्वस्त आणि लवकर होणारं काम आहे, पहिल्या सहा महिन्यांत ते करा.

वाढीचा आकडाही पारखून घ्या. शहरी पाणीयोजनेचा निकष माणशी दररोज 135 लिटर, आणि हाताशी असलेली जनगणना 2011 ची. त्यानंतर उभे राहिलेले फ्लॅट त्यात नाहीत. अकरा महिने कुलूप असलेले हे फ्लॅट गणपतीत आणि मे महिन्यात एकदम भरतात. चाकरमानी आपलेच आहेत, त्यांना पाणी मिळालंच पाहिजे, पण योजना त्या दिवसांचा आकडा धरून मागा.

कचऱ्यासाठी वेंगुर्ल्याला एकदा जाऊन या. तिथे घरातूनच वेगवेगळा करून घेतलेला कचरा आणि त्या कचरा डेपोचं लोक पाहायला येतील असं झालेलं ठिकाण, दोन्ही डोळ्यांनी बघा. छोट्या नगरपरिषदेला हे जमतं, हे लोकांना पटवायला तेवढं पुरतं.

अर्ज भरण्याआधी एक काम मात्र करा. भूमी अभिलेख कार्यालयातून प्रभागाचा जुना सिटी सर्व्हेचा नकाशा काढा आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घेऊन प्रत्येक पऱ्या खाडीपर्यंत चालत जा. नकाशात पऱ्या आहे आणि जागेवर नाही, अशी ठिकाणं वहीत लिहा. माझ्या प्रभागात चार निघाली होती. त्यातलं एक आमच्याच चुलत घराण्याच्या कुंपणाच्या आत होतं, आणि मला सुरुवात तिथूनच करावी लागली.