रिबीन गुंडाळू नका, खोचा

तुमची अडचण मला समजली ती अशी: सहा फुटी कृत्रिम ख्रिसमस ट्री, एक इंच रुंदीची लाल सॅटिनची 10 मीटर रिबीन. शेंड्यापासून खालपर्यंत गोल गोल फिरवली, आणि झाड सजल्यासारखं दिसायचं सोडून फ्रॅक्चर झाल्यासारखं दिसतंय. दोनदा सोडून पुन्हा बांधलं, तरी तेच. वर रिबीन घसरून खाली लोंबते ती वेगळीच.

हसू नका म्हणालात, पण मी हसले. कारण माझं पहिलं झाड असंच बँडेजमध्ये उभं होतं आणि पाहुणे आले की मी दिवे मंद करायचे.

आधी हिशेब मांडू, म्हणजे चूक तुमच्या हाताची नाही हे कळेल. सहा फुटी झाड तळाशी साधारण साडेतीन फूट रुंद असतं आणि वर निमुळतं होत जातं. सरासरी व्यास धरा पावणेदोन फूट, म्हणजे सरासरी घेर साडेपाच फूट. एकेक फुटाच्या अंतराने 6 वेढे घेतले की झाले 33 फूट. 33 फूट म्हणजे जवळजवळ बरोबर 10 मीटर. रिबीन पुरली खरी, पण ताणून पुरली. कुठे सैल सोडायला वीतभरही उरली नाही. ताणलेली रिबीन फांद्यांना आत दाबते, फांद्या दबल्या की झाड बारीक दिसतं आणि त्यावर आडवे पट्टे उठतात. झालं बँडेज.

रिबिनीला मधूनमधून फुगवटा यायला हवा असेल तर या लांबीच्या निदान दीडपट लागते, म्हणजे तुमच्या झाडाला 15 मीटर. ठोकताळा असा की झाडाच्या दर फुटामागे आठ-नऊ फूट रिबीन. झाड कोपऱ्यात असेल तर मागची बाजू सोडून द्या, एक तृतीयांश तिथेच वाचते. भिंतीला कोण बघायला जातंय?

दुसरी गोष्ट, तार. दोन्ही काठांत बारीक तार असलेली रिबीन मिळते. झाडावर मला तीच चालते, दुसरी नाही. तारेची रिबीन हाताने वळवली तशी राहते. साधं सॅटिन दोन तास शहाण्यासारखं वागतं आणि मग मान टाकते. सहा फुटी झाडाला रुंदी अडीच इंच बरी. चार इंची मोठ्या झाडांसाठी. लहान झाडावर ती पडद्यासारखी दिसते. कापायला मात्र जुनी कात्री घ्या. कपड्याच्या चांगल्या कात्रीने तार कापायला गेलात तर पात्याला खाच पडते आणि पुढे कापड त्या खाचेपाशी अडकतं. माझी एक कात्री अशीच बाद झाली आहे.

आता मुख्य मुद्दा. अखंड रिबीन फिरवण्याचा हट्ट सोडा. कापायला जीव धजत नाही, माहीत आहे, रीळ अख्खं दिसलं की वाटतं अख्खंच लावावं. पण कापलेले तुकडे झाडावर अखंड दिसतात आणि अखंड रिबीन मात्र दोरखंडासारखी दिसते. मी साधारण दोन-दोन फुटांचे तुकडे करते. 15 मीटरचे 24-25 होतात.

एक तुकडा कसा लावायचा ते सविस्तर सांगते, बाकी सगळे तसेच. एका टोकापासून चार बोटं सोडून रिबीन चिमटीत गोळा करा, पंख्याच्या घड्या मिटल्यासारखी. ती चिमूट फांद्यांच्या आत, खोडाच्या दिशेने, मनगट आत जाईपर्यंत न्या. कृत्रिम झाडाच्या डहाळीत तार असतेच, तीच डहाळी चिमटीभोवती एकदा पिळा. वेगळं काही बांधायला लागत नाही. (खरं झाड असेल तर डहाळी पिळता येत नाही, तिथे हिरवी बारीक तार वापरा.) मग रिबीन बाहेर काढा, वीतभर अंतर तिरपं खाली या, पुन्हा चिमूट, पुन्हा आत, पुन्हा पीळ. दोन चिमटींच्या मध्ये रिबीन बाहेर फुगलेली राहायला हवी. आतून दोन बोटं घालून तिला हलकेच पुढे ढकला आणि काठाची तार गोल करा. उरलेलं टोक मोकळं सोडा किंवा फांदीखाली लपवा.

पुढचा तुकडा जिथे पहिल्याची शेवटची चिमूट आत गेली तिथूनच सुरू करा, पण दिशा बदला: पहिला उजवीकडे उतरला असेल तर हा डावीकडे. असं नागमोडी खाली यायचं. जोड फांद्यांच्या आत असतो, त्यामुळे बघणाऱ्याला एकच रिबीन झाडात शिरते आणि निघते असं वाटतं. एका ओळीत तीन-चार फुगवटे एकसारखे झाले तर मुद्दाम एक मोडा. फार नेमकं झालं की झालर वाटते.

क्रम हा: आधी फांद्या मोकळ्या करा, मग दिव्यांची माळ, मग रिबीन, आणि चेंडू-घंटा सगळ्यात शेवटी. तुम्ही बहुतेक चेंडू आधी लावलेत, कारण रिबीन त्यांना अडकते असं म्हणता. दिवे एलईडी असतील तर काळजी नाही. जुने तापणारे बल्ब असतील तर रिबीन त्यांना टेकू देऊ नका.

रंगाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. झाडाचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. गडद लाल आणि गडद हिरवा डोळ्यांना किती वेगळे वाटतात, पण कृष्णधवल फोटोत दोन्ही जवळपास एकाच करड्या रंगात मिसळतात. म्हणून मरून रिबीन दिवसा झोकात दिसते आणि संध्याकाळी खोलीतला उजेड कमी झाला की गायब होते. सोनेरी, पांढरी किंवा सोनेरी काठाची लाल घेतलीत तर हा त्रास नाही.

तर मग घरातल्या त्या 10 मीटर सॅटिनचं काय? खरं सांगू, मी तुमच्या जागी असते तर या वर्षी नवी रिबीन आणलीच नसती. अर्ध्या-अर्ध्या मीटरचे 20 तुकडे करून 20 बो बांधले असते. एक इंची सॅटिन लोंबतं हा फुगवट्यात दोष, पण बोच्या शेपट्या लोंबायलाच हव्यात. तिथे तेच सॅटिन शोभून दिसतं.

बो बुटाच्या नाडीसारखाच, फक्त एक मेख आहे. एकाच बाजूला चमक असलेलं सॅटिन असेल तर गाठ मारताना एक पाकळी हमखास उलटी, मंद बाजू वर करून बसते. दुसरी पाकळी गाठीतून ओढण्याआधी रिबिनीला अर्धा पीळ द्या, चमक वर येते. फांदीवर थेट बांधायला गेलात तर हात दुखतील. खुर्चीच्या दांड्यावर बांधा, सरकवून काढा, मागून बारीक तार ओवा आणि मग डहाळीला लावा. दोन्ही बाजूंनी चमकणारं सॅटिन असेल तर अर्ध्या पिळाची कटकटच नाही.

टोकं: रिबीन लांबीत दुमडा, म्हणजे दोन्ही काठ एकमेकांवर येतील. मग काठांच्या कोपऱ्यापासून घडीकडे तिरपं, आत चढत कापा. उलगडलं की माशाच्या शेपटीसारखा आकार येतो. सॅटिन बहुधा पॉलिस्टरचं असतं, त्यामुळे टोक ज्योतीजवळून झपकन नेलं की धागे वितळून बसतात आणि पुढे सुटत नाहीत. ज्योतीच्या वर धरू नका, काजळी धरते. बुडाशी जिथे निळसर असते तिथे बाजूने न्या. पांढऱ्या सॅटिनचे सहा बो काळे करून मी हे शिकले. आणि हे काम टेबलावर, झाडापासून लांब. लावलेल्या रिबिनीजवळ ज्योत नेऊ नये.

घरात मांजर असेल तर खालच्या दीड-दोन फुटांत लोंबणारी रिबीन ठेवू नका. मांजर ती गिळतं आणि लांब रिबीन आतड्यात अडकली की आतडं चुणीसारखं गोळा होतं. बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. गिळलेल्या रिबिनीचं टोक बाहेर दिसलं तरी ओढायचं नाही, सरळ प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. रांगतं मूल असेल तरी खालचा भाग मोकळाच ठेवा.

उतरवताना डहाळ्यांचे पीळ उलटे सोडा, ओढू नका. तारेचे तुकडे दोन बोटांत धरून काठावरून हात फिरवला की सरळ होतात. पुठ्ठ्याच्या नळीवर एकावर एक गुंडाळून शेवटी टाचणी लावा. बो मात्र दाबून ठेवलेत तर पुढच्या वर्षी चपटेच निघतील. मी त्यांच्या पाकळ्यांत कागदाचे बोळे कोंबून उभ्या डब्यात ठेवते. चेंडू काढून झाले की आज रात्रीच बो करायला बसा, 20 बोंना तासभर पुरतो. आणि शेंड्याला एक मोठा करायची हौस असेल तर त्याला वेगळे दोन मीटर धरा, मग खालचे 16 होतील.