तुका काय होया?

'मावशी, आमचं गाव मालवणजवळ, पण मी वाढले डोंबिवलीत. आईबाबा आपसात मालवणी बोलतात, माझ्याशी मात्र शुद्ध मराठी. गेल्या चतुर्थीला आजीला विचारलं, "तुका काय पाहिजे?" चुलत भावंडं फिदीफिदी हसली. गावात मी मुंबैवाली, मुंबईत मालवणी. आईचा फार राग येतो. ३१व्या वर्षी आता काय भाषा येणार?'
– ना हयची, ना थयची

चेडवा,

हसली ती 'पाहिजे'ला. तिथे 'होया' हवं होतं. 'तुका काय' बरोबर होतं, हे कुणी सांगितलं नसेल. आजीने काय उत्तर दिलं तेही तू लिहिलं नाहीस. दिलं असणारच, आणि तुला कळलंही असणार. म्हणजे भाषा कानात आहे, जिभेवर तेवढी आलेली नाही.

आईवरचा राग मला जरा झोंबला. माझा थोरला बालवाडीत 'माका तान लागली' म्हणाला, तर बाईंनी वर्गासमोर त्याची नक्कल केली. त्या संध्याकाळपासून मी त्याच्या मागे लागले, 'मला तहान लागली म्हण.' तेही कुडाळात राहून! तुझी आई तर डोंबिवलीत होती. आणि त्या हसणाऱ्या भावंडांची पोरं घरी काय बोलतात, तेही एकदा ऐक.

बाकी ना इकडची ना तिकडची म्हणशील तर मालवणी स्वतःच तशी आहे. आम्ही तिला मराठीची बोली म्हणतो, जनगणनेत ती कोकणीखाली मोजतात. तिचं काही अडलेलं नाही.

आई तुला बघितलं की भाषा बदलते. ती सवय नुसतं सांगून मोडायची नाही. म्हणून एकच वेळ धर, मासे साफ करायची. बाजारात ती कोळंबी मागत असेल, पण विळीवर बसली की तिच्या तोंडी सुंगटाच येतील. शेजारी बस, हात घाण कर, आणि तिच्याशी मोडकंतोडकं मालवणीतच बोल. रविवारी आजीला फोन लाव. ती हसेल, पण सुधारेलही.

यंदा गणपतीसमोर गाऱ्हाणं घालतील तेव्हा सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हण. दोनच शब्द, चुकायला जागा नाही. मग आजीला तोच प्रश्न पुन्हा विचार. ती काय म्हणाली, ते या खेपेला मला लिही.