दाखल रजिस्टरवरून नोंदी टाइप करून घेतल्या तर चालेल का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात : तालुक्याच्या वाचनालयात २५ हजार पुस्तकं आहेत, त्यांची सूची संगणकावर करायची तर ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरपैकी कोहा घ्यावं की ई-ग्रंथालय, वेळ किती लागेल, आणि दाखल रजिस्टरवरून, म्हणजे आलेलं पुस्तक क्रमाने नोंदायच्या वहीवरून, नोंदीमागे दर ठरवून बाहेरून टाइप करून घेतलं तर चालेल का.

सॉफ्टवेअरचं आधी उरकतो. कार्यकारिणीच्या सभा त्यावरच गाजतात, पण तेवढं त्यात काही नाही. सर्व्हर सांभाळणारा माणूस असेल तर कोहा. नसेल तर ई-ग्रंथालय तुमच्या संस्थेला मिळतं का, ते एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या जिल्हा कार्यालयात विचारा. नोंदी मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या प्रमाण साच्यात नीट असतील तर उद्या इकडून तिकडे नेता येतात.

आता रजिस्टर. नाही, चालणार नाही. रजिस्टर हा हिशेबाचा कागद आहे. कधी घेतलं, कोणाकडून, किती रुपयांना, बिल क्रमांक काय, एवढ्यासाठी तो ठेवतात. आवृत्ती, पृष्ठं, अनुवादक, विषय यांतलं बरंचसं त्यात नसतंच. खंड १ ते ४ एका ओळीत कोंबलेले असतात. अनुवादाच्या पुस्तकात अनुवादकच लेखक म्हणून बसलेला असतो. आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘गहाळ’, ‘बाद’ लिहायचं राहून गेलेलं असतं. अशा टायपिंगमधून तयार झालेली सूची मी तपासली आहे. वाचक शोधतो, संगणक ‘उपलब्ध’ म्हणतो, कपाटात पुस्तक नाही. चार वेळा असं झालं की देवघेवीवरची माणसं संगणक बघायचंच सोडतात आणि पुन्हा ‘अंदाजाने तिसऱ्या कपाटात बघा’ सुरू होतं. स्वस्तात काम झालं म्हणून टाळ्या वाजवणारे कार्यवाह तोपर्यंत बदललेले असतात.

म्हणून पुस्तक हातात घेऊनच नोंद. एक कपाट रिकामं करायचं, एकाने पुस्तक उघडून शीर्षकपानावरून सांगायचं, दुसऱ्याने भरायचं. मुखपृष्ठावरून नको, तिथलं नाव बऱ्याचदा सजावटीसाठी तोडलेलं असतं. ते पान उलटून त्याच्या मागच्या बाजूला आवृत्ती आणि साल बघायचं. जुन्या पुस्तकात नुसतं शके असेल तर ७८ मिळवा, आणि इसवी सन चौकटी कंसात टाका. कपाट संपलं की रजिस्टरशी ताळा : ज्या ओळीचं पुस्तक शेवटपर्यंत सापडलं नाही, ती गहाळ यादीत. साठा पडताळणी त्याच फेरीत होते.

क्रमांकाचा घोळ इथेच निस्तरा. बहुतेक वाचनालयांत मराठी, इंग्रजी आणि बाल विभागाची रजिस्टरं वेगळी, म्हणजे ५१२ क्रमांकाची तीन पुस्तकं. बारकोड मात्र अद्वितीय लागतो. विभागाला एक आकडा द्या आणि पुढे सहा अंकी दाखल क्रमांक : मराठी १०००५१२, इंग्रजी २०००५१२, बाल ३०००५१२. कोहात हा ९५२ क्रमांकाच्या, म्हणजे प्रतीच्या तपशिलाच्या क्षेत्रात ‘पी’ उपक्षेत्रात जातो, जुना क्रमांक जसाच्या तसा ‘आय’मध्ये ठेवा. अनुदानाच्या तपासणीत रजिस्टरच मागतात, त्यामुळे ते बंद करू नका.

लेखकाचं नाव हा सगळ्यात मोठा खड्डा. खानोलकर चिं. त्र्यं., चिं.त्र्यं. खानोलकर, खानोलकर चि. त्र्यं. : संगणकाच्या लेखी ही तीन माणसं. आडनाव, स्वल्पविराम, मग आद्याक्षरं, प्रत्येक टिंबानंतर एक जागा, असा एकच नियम लिहून टेबलावर चिकटवा. ‘आरती प्रभू’ या नावाने आलेली कविता त्याच नावाखाली ठेवा आणि दोन नावं अधिकृत नामसूचीत ‘हेही पाहा’ने जोडा. नंतर ओपनरिफाइन या डेटा साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये सारखी दिसणारी नावं एकत्र करता येतात, पण लेखक ओळखणारा ग्रंथपाल शेजारी बसलेला हवा.

टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या प्रमाण अक्षरसंकेतात. जुन्या डीटीपी फॉन्टमधला डेटा वरून मराठी दिसतो, आत रोमन अक्षरं असतात. तो रूपांतरित करताना त्याच रकान्यातली इंग्रजी शीर्षकंही ‘मराठी’ होऊन बसतात, म्हणून आधी भाषेनुसार वेगळं करा. पहिली वेलांटी, रफार आणि ‘तऱ्हा’तला र तपासा. युनिकोडमध्येसुद्धा ‘ॲ’ एका कळीने येतो किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोध मात्र फसतो. एक पद्धत ठरवा.

एक्सेलमधून नेणार असाल तर सीएसव्ही यूटीएफ-८ हाच प्रकार निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मार्कएडिट या सॉफ्टवेअरमध्ये मार्क नोंदींत रूपांतर करताना लीडरच्या, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या ओळीच्या, ०९ क्रमांकाच्या स्थानी (मोजणी शून्यापासून) इंग्रजी छोटा ‘ए’ हवा. तो नसला की नोंद युनिकोड नाही असं समजून अक्षरांचा भुगा होतो. कोहात झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर अनुक्रमणीसाठी आयसीयू ही युनिकोड अक्षरं हाताळणारी सोय लावा. आधी शंभर नोंदी चढवा, शोधून बघा, एक पुस्तक देऊन-परत घेऊन बघा. फाइलमधला शाखेचा आणि साहित्यप्रकाराचा संकेत कोहातल्यासारखाच नसेल तर इथेच अडतं.

वेळेचं : सराव झाल्यावर दोघांची जोडी दिवसाला शंभरच्या आसपास जाते. तुमच्या २५ हजारांना एका जोडीने २५० कामाचे दिवस धरा, दोन जोड्यांनी निम्मे. खर्च तुमच्याकडच्या मानधनावर आहे, आकडा मी सांगणार नाही.

आणि हो, पुस्तक हातात न घेता टायपिंग एका ठिकाणी चालतं : नुकत्याच झालेल्या खरेदीच्या बिलांची यादी प्रकाशकाकडून आयएसबीएनसह (पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासह) मिळाली असेल तर. दुर्मिळ, जीर्ण पुस्तकांना चिकट लेबल लावू नका. बारकोड आम्लमुक्त कागदाच्या पट्टीवर छापा आणि आत नुसता ठेवा.